एनआयसीयूतून घरी आलेल्या बाळाची श्रवणतपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळ दहा-बारा दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, काचेच्या पेटीत होतं. जन्मल्यावर लगेच रडलं नाही. कावीळ इतकी वाढली की रक्त बदलावं लागलं. अशा बाळांचे आईवडील आमच्या श्रवण विभागात येतात तेव्हा आधीच दमलेले असतात, आणि आता आणखी एक तपासणी कशाला, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर असतो. ऑडिओलॉजिस्ट म्हणून हे सगळे प्रश्न मी रोज ऐकते. माझी काळजी एकच आहे. कित्येक कार्डांवर ‘कान: पास’ एवढंच लिहिलेलं असतं आणि घरचे तो विषय तिथेच मिटला असं धरतात. एनआयसीयूतल्या बाळाबाबत तो तिथे मिटत नाही. कोणती तपासणी झाली आणि पुढची कधी आहे, या दोन गोष्टी तुम्हाला माहीत असायलाच हव्यात.

आमचं बाळ ‘जोखमीचं’ आहे म्हणतात. ते कशामुळे?

कारणं बरीच आहेत, पण आपल्याकडे वारंवार दिसणारी मोजकीच. एनआयसीयूत किंवा सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळांना ठेवतात त्या एसएनसीयूत पाच दिवसांहून जास्त मुक्काम हे सगळ्यात मोठं. जन्मताना मेंदूला ऑक्सिजन कमी पडणं, रक्त बदलण्याइतकी कावीळ, जेंटामायसिन किंवा अमिकासिनसारखी इंजेक्शनं पाच दिवसांपेक्षा जास्त चालणं, मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा संसर्ग) ही त्यानंतरची. गरोदरपणात आईकडून बाळाला पोचलेला रुबेला, सीएमव्ही, टॉक्सोप्लाझ्मोसिस, सिफिलिस किंवा हर्पिसचा संसर्ग. दुभंगलेला ओठ किंवा टाळू, नीट न घडलेली कानाची पाळी, बंद असलेलं कानाचं भोक, जन्मतः लहान डोकं, डाऊन सिंड्रोमसारखे जन्मजात विकार. आणि घराण्यात लहानपणापासून कमी ऐकू येणारं कोणी असणं.

ही यादी अमेरिकेतल्या ‘जॉइंट कमिटी ऑन इन्फंट हिअरिंग’ने २०१९ मध्ये सुधारून प्रसिद्ध केली, आपल्याकडेही तिचा आधार घेतला जातो. दीड किलोपेक्षा कमी वजन हे पूर्वीच्या यादीत स्वतंत्र कारण होतं. आता नाही. पण इतकं नाजूक बाळ पाच दिवसांत एनआयसीयूतून सहसा सुटत नाही, त्यामुळे ते यादीत येतंच.

म्हणजे बाळाला ऐकू येत नसण्याची शक्यता किती?

निरोगी जन्मलेल्या बाळांत कायमस्वरूपी श्रवणदोष हजारात साधारण १ ते ३ जणांना असतो. एनआयसीयूतल्या बाळांत हेच प्रमाण शंभरात २ ते ४ आहे. म्हणजे तुमच्या बाळाचे कान उत्तम असण्याचीच शक्यता खूप जास्त आहे. तरीही हजारावरून शंभरावर येणं ही दहापटीहून जास्त वाढ आहे, आणि ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

इथे एक गोष्ट जोडते. श्रवणदोष असलेल्या मुलांपैकी साधारण निम्म्या मुलांमध्ये यातलं एकही कारण सापडत नाही. त्यामुळे घरात दुसरं एखादं धडधाकट बाळ जन्माला आलं असेल, तर त्याचीही तपासणी करून घ्या.

कार्डावर ‘ओएई: दोन्ही कान पास’ असं लिहिलंय. मग आता बेरा कशाला?

या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देते, कारण सगळ्यात जास्त बाळं इथेच निसटतात.

आवाज कानाच्या पडद्यावर आदळतो, मधल्या कानातल्या तीन हाडांतून आतल्या कानात पोचतो. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा एक अवयव आहे, कॉक्लिया. त्यात केसांसारखे तंतू असलेल्या पेशी असतात. निरोगी कानातल्या यांपैकी बाहेरच्या ओळींतल्या पेशी आवाज मिळाला की स्वतःही एक अतिशय बारीक आवाज परत पाठवतात. ओएई यंत्र तोच टिपतं. तो मिळाला की पास. तपासणी काही मिनिटांची, यंत्र हातात मावणारं, म्हणून ती सगळीकडे होते, आणि निरोगी बाळासाठी ती चांगलीच आहे.

पण ओएईची नजर कॉक्लियापर्यंतच जाते. तिथून निघालेली श्रवणाची नस आणि मेंदूच्या बुडाशी असलेली केंद्रं यांबद्दल ती काहीच सांगत नाही. नेमका एनआयसीयूतल्या बाळाला धोका तिथेही असतो. कावीळ फार वाढली की बिलिरुबिन हे रक्तातलं पिवळं द्रव्य मेंदूतल्या श्रवणाच्या केंद्रांना आणि नसेला इजा करतं. कॉक्लियातल्या पेशी मात्र बऱ्याचदा शाबूत राहतात. ऑक्सिजन कमी पडलेल्या आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांतही असं होऊ शकतं. माइक उत्तम चालू आहे, पण स्पीकरपर्यंत जाणारी वायर मध्येच खराब आहे, अशी ही अवस्था. हिला ऑडिटरी न्यूरोपथी म्हणतात. असं बाळ ओएईत पास होतं आणि तरी बोलणं त्याला नीट उमगत नाही.

बेरा तपासणीत आवाज दिल्यावर नस आणि मेंदूच्या बुडापर्यंतचा मार्ग कशी प्रतिक्रिया देतो ते कपाळावर आणि कानामागे लावलेल्या इलेक्ट्रोड्समधून मोजतात. तिचीच झटपट आवृत्ती म्हणजे एएबीआर. यात यंत्र सुमारे ३५ डेसिबलचे हलके क्लिक ऐकवतं आणि पास की रेफर (म्हणजे पुढे तपासा) हे स्वतःच सांगतं. पाच दिवसांहून जास्त एनआयसीयूत राहिलेल्या प्रत्येक बाळाची एएबीआर किंवा बेरा व्हायलाच हवी. इंग्लंडच्या सरकारी कार्यक्रमात तर ४८ तासांहून जास्त एनआयसीयूत राहिलेल्या बाळांच्या ओएई आणि एएबीआर अशा दोन्ही तपासण्या करतात.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. एएबीआरला ‘रेफर’ येतं, मग दुसरीकडे कुठेतरी ओएई केली जाते, ती पास येते आणि घरी सांगतात की सगळं ठीक आहे. ते ठीक नाही. उलट एएबीआर रेफर आणि ओएई पास ही जोडी न्यूरोपथीचाच संशय वाढवते. अशा बाळाची पूर्ण बेरा लगेच करून घ्या.

तपासणी कधी करायची? आमच्याकडे सव्वा महिना बाळाला बाहेर काढत नाहीत.

सगळ्यात सोयीची वेळ म्हणजे डिस्चार्जच्या आधी, बाळ एनआयसीयूत असतानाच. दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल तर गर्भावस्थेचे ३४ आठवडे पूर्ण झाल्यानंतर, प्रकृती स्थिर असताना आणि शक्यतो इंजेक्शनं संपल्यावर.

जगभर वापरला जाणारा हिशोब १-३-६ असा आहे. पहिल्या महिन्याच्या आत स्क्रीनिंग, तिसऱ्या महिन्याच्या आत पक्कं निदान, सहाव्या महिन्याच्या आत उपचार सुरू. सव्वा महिन्याची प्रथा या हिशोबाच्या बरोबर आडवी येते. ही प्रथा बाळाला जंतुसंसर्गापासून जपते, त्यामुळे आजीबाईंशी वाद घालायची गरज नाही. डिस्चार्जच्या दिवशीच “कानाची तपासणी करूनच घरी जाऊ” असं सांगितलं की प्रश्न उरत नाही. ते राहून गेलंच, तर दीड महिन्याच्या लसीला बाळाला बाहेर काढावंच लागतं. तो दिवस चुकवू नका. लस आणि कान एकाच फेरीत उरकतील.

खूप लवकर जन्मलेल्या बाळाचे कित्येक आठवडे पेटीतच जातात. त्याच्या तारखा डॉक्टर पुढे सरकवतील. पण त्यांनी सरकवणं वेगळं आणि आपण लांबवणं वेगळं.

तपासणीत नक्की काय करतात? बाळाला दुखतं का?

अजिबात दुखत नाही. सुई नाही, करंट नाही. इलेक्ट्रोड्स बाळाच्या शरीरातले सूक्ष्म विद्युत संकेत फक्त वाचतात, आत काही सोडत नाहीत.

बाळ झोपलेलं हवं, हीच एक अट. आमच्या खोलीत बाळ आलं की आधी पंखा बंद, मोबाइल सायलेंटवर. आई बाळाला दूध पाजते, ढेकर काढते, दुपट्यात घट्ट गुंडाळते. मग मी कापसावर थोडी खरखरीत जेल घेऊन कपाळ आणि कानामागची जागा हलकेच पुसते आणि तिथे इलेक्ट्रोड चिकटवते. यंत्राच्या पडद्यावर त्वचेचा अडथळा किती आहे ते दिसतं. तो जास्त असेल तर पुन्हा पुसायचं. कानात लहानसा मऊ रबरी प्रोब बसवायचा. नव्या बाळाच्या कानाची नळी इतकी मऊ असते की प्रोब भिंतीला टेकला तर आवाज आत जातच नाही, म्हणून पाळी हलकेच मागे आणि खाली ओढून तो बसवावा लागतो. मग क्लिक सुरू होतात. बाळ हललं, चोखायला लागलं की यंत्र थांबतं. शांत झोपलेल्या बाळाचे दोन्ही कान दहा मिनिटांत होतात. झोपच न लागलेल्या बाळासाठी कधी दोन तास बसावं लागतं. बसू. घाईत केलेली तपासणी काही कामाची नसते.

तुम्ही एवढंच करा: त्या दिवशी सकाळी कपाळाला तेल, काजळाची तीट, पावडर काही लावू नका, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. येताना रिक्षात किंवा एसटीत बाळाला फार झोपू देऊ नका. लंगोट बदललेला असू द्या. आणि येण्याआधीच्या वेळेचं दूध पाजून आणू नका. इथे आल्यावर पाजलं की झोप छान लागते.

पूर्ण बेराला जास्त वेळ लागतो. तीन-चार महिन्यांपर्यंतची बहुतेक बाळं नैसर्गिक झोपेतच ती करू देतात. मोठ्या बाळाला कधीकधी झोपेचं औषध द्यावं लागतं. ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून, रुग्णालयातच. मेडिकलमधून आणून घरून पाजून येऊ नका. पेटीत असताना श्वास थांबण्याचा त्रास झालेल्या बाळाबाबत तर अजिबात नाही.

‘रेफर’ आलं. बाळ बहिरं आहे का?

नाही, रेफर म्हणजे निदान नव्हे. पहिल्या काही दिवसांत कानात गर्भजल किंवा जन्मताना अंगावर असतो तो पांढरा चिकट थर राहिलेला असतो. बाळ हललं, खोलीत आवाज होता, मधल्या कानात पाणी होतं, अशा कशानेही रेफर येऊ शकतं. पुन्हा केल्यावर बरीच बाळं पास होतात.

पण पुन्हा करणं आणि पास येईपर्यंत करत राहणं यात फरक आहे. एकाच तपासणीच्या सात-आठ फेऱ्या केल्या तर एखादी निव्वळ योगायोगानेही पास येऊ शकते. स्क्रीनिंग एकदा नीट पुन्हा करायचं, तेही दोन्ही कानांचं, आधी एकच कान रेफर आला असला तरी. तरीही रेफर आलं तर सरळ निदानाकडे जायचं. त्यात पूर्ण बेरा, ओएई आणि टिम्पॅनोमेट्री, म्हणजे हवेचा दाब बदलून मधला कान कसा प्रतिसाद देतो ते बघणारी तपासणी, येते. ही टिम्पॅनोमेट्री सहा महिन्यांखालच्या बाळासाठी १००० हर्ट्झच्या प्रोबने करावी लागते. मोठ्यांसाठीचा नेहमीचा २२६ हर्ट्झचा प्रोब इतक्या लहान कानात फसवं उत्तर देतो.

लवकर जन्मलेल्या बाळाची नस अजून तयार होत असते. त्याच्या बेरामधल्या लहरी सुरुवातीला उशिरा किंवा अस्पष्ट येतात आणि काही महिन्यांत सुधारतात. म्हणून एका बेरावरून मोठा निर्णय घेत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करतात. मधल्या काळात येणं थांबवू नका.

पण ताट वाजवलं की बाळ दचकतं. मग ऐकू येतंच ना?

ताटाचा, फटाक्याचा, दार आपटल्याचा आवाज फार मोठा असतो. मध्यम ते तीव्र दोष असलेल्या बाळालाही तो पोचू शकतो. बोलण्यातले स, श, फ, त यांसारखे हळू आवाज मात्र पोचत नाहीत, आणि भाषा शिकायला तेच लागतात. शिवाय टाळी वाजवताना हवेचा झोत येतो, हात दिसतो, पलंग हादरतो. बाळ त्यालाही दचकतं. घरी ताट वाजवून झालेली खात्री मी खात्री धरत नाही.

“हुंकार देतो, आवाज काढतो” हेही कारण पुष्कळदा सांगितलं जातं. अजिबात ऐकू न येणारी बाळंसुद्धा पहिले काही महिने हुंकार देतात, खिदळतात. फरक सहाव्या महिन्यानंतर पडायला लागतो. ‘बाबाबा’, ‘मामामा’ अशी ओळीने अक्षरं येत नाहीत, हळूहळू आवाज कमी होतात. तोपर्यंत आपण १-३-६ मधला सहावा महिना ओलांडलेला असतो. “याचे वडीलही तीन वर्षांनी बोलले” हे वाक्य त्यानंतर येतं, आणि त्यात आणखी दोन वर्षं जातात. तपासणी आधी, वाट बघणं नंतर.

एएबीआर दोन्ही कानांनी पास झाली. आता तरी सुटलो?

आजच्यापुरतं हो, आणि त्याचा आनंद जरूर माना. पण काही श्रवणदोष जन्मानंतर सुरू होतात किंवा हळूहळू वाढतात. जोखमीच्या बाळांची म्हणून नवव्या महिन्याच्या सुमारास पुन्हा पूर्ण श्रवणतपासणी करायची असते, पास असली तरी. लक्षात ठेवायला सोपं आहे: गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर असतो, त्याच आठवड्यात कान.

काही बाळांना एवढं थांबता येत नाही. जन्मजात सीएमव्ही असेल तर तिसऱ्या महिन्याच्या आत आणि नंतरही वारंवार. मेनिंजायटिस झालेल्या बाळाची तर बरं झाल्यावर लगेच, कारण या आजारानंतर कॉक्लियाच्या आत हाड भरायला लागू शकतं आणि पुढे इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कॉक्लियात घालायचं श्रवणाचं उपकरण, बसवायचं झालं तर जागाच उरत नाही. एवढी घाई फार कमी ठिकाणी असते. इथे ती आहे.

याशिवाय, कोणत्याही वयात तुम्हाला स्वतःला शंका आली तर तीच पुरेशी आहे. तीन महिन्यांचं बाळ आईच्या आवाजाने शांत होत नाही, सहा-सात महिन्यांचं आवाजाकडे वळत नाही, वर्षाचं झालं तरी ‘टाटा कर’, ‘बाप्पाला जय कर’ हे नुसतं बोलून कळत नाही, हाताने दाखवलं तरच कळतं. लवकर जन्मलेल्या बाळासाठी हे महिने मूळ अपेक्षित तारखेपासून मोजा. आईची शंका यादीतल्या इतर कारणांच्या तोडीची मानली जाते, आणि माझ्या अनुभवात ती क्वचित फुकट जाते.

सीएमव्ही काय आहे? आईला तर काहीच झालं नव्हतं.

सायटोमेगॅलोव्हायरस. मोठ्यांना बहुधा साध्या तापापलीकडे काही होत नाही, बऱ्याचदा तेवढंही नाही. गर्भातल्या बाळाला मात्र श्रवणदोष होण्याच्या जन्मजात कारणांत, आनुवंशिक कारणं सोडली तर, हे जगभर सगळ्यात मोठं आहे. जन्मतः कान ठीक असूनही पुढे बिघडू शकतात.

बाळ जन्मापासूनच आजारी दिसत असेल किंवा श्रवण स्क्रीनिंगमध्ये रेफर आलं असेल, तर लघवी किंवा लाळेची सीएमव्ही पीसीआर करता येते, पण पहिल्या २१ दिवसांत. त्यानंतर सापडलेला विषाणू पोटातून आला की जन्मानंतर लागला, हे सांगता येत नाही. डॉक्टरांना हे आवर्जून विचारा.

डिस्चार्जनंतर कावीळ वाढली आणि पुन्हा ॲडमिट केलं. आधीची तपासणी चालेल?

नाही. पहिल्या महिन्यात रक्त बदलण्याइतकी कावीळ किंवा रक्तात जंतुसंसर्ग होऊन पुन्हा भरती झालं असेल, तर घरी जाण्यापूर्वी श्रवणतपासणी पुन्हा, आणि ती एएबीआर किंवा बेराच. नुसत्या निळ्या लाइटखाली दोन दिवस ठेवून उतरलेली साधी कावीळ असेल तर घाबरायचं कारण नाही. बिलिरुबिनचा सगळ्यात वरचा आकडा किती होता तो फाईलमधून लिहून घ्या. ऑडिओलॉजिस्ट पहिल्यांदा तोच विचारतात.

इंजेक्शनांनी कान जातात, मग डॉक्टरांनी ती दिलीच का?

कारण त्यांनी बाळाचा जीव वाचतो. नवजात बाळाच्या रक्तातला जंतुसंसर्ग काही तासांत जीव घेऊ शकतो, आणि अमिकासिन, जेंटामायसिन ही त्यावरची प्रभावी औषधं आहेत. डॉक्टर वजनावर डोस मोजतात, शक्य तितक्या लवकर थांबवतात. बहुतेक बाळांच्या कानाला काही होत नाही.

काही कुटुंबांत मात्र आईकडून येणारा एक जनुकीय बदल असतो, ज्यामुळे या औषधांच्या नेहमीच्या डोसनेही कान जाऊ शकतात. आजोळी कुणाचे कान इंजेक्शनानंतर गेल्याची गोष्ट घरात ऐकलेली असेल तर ती डॉक्टरांना प्रसूतीच्या आधी सांगा. ही छोटी माहिती फार मोलाची आहे.

आमच्या दोन्ही घराण्यांत कुणालाच कमी ऐकू येत नाही.

तरीही आनुवंशिक कारण असू शकतं. आईवडील दोघेही स्वतः उत्तम ऐकणारे, पण प्रत्येकाकडे जनुकाची एक सदोष प्रत असली तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला दोष असण्याची शक्यता चारात एक असते. महाराष्ट्रात बऱ्याच समाजांत मामेबहिणीशी लग्न चालतं. नात्यातल्या लग्नात दोघांकडे तीच सदोष प्रत असण्याची शक्यता वाढते. यात कुणाचा दोष नाही आणि सुनेचा तर मुळीच नाही, कारण अशा वेळी एक प्रत बापाकडूनही आलेली असते. पुढच्या बाळाआधी जनुकीय सल्ला घ्या.

कानात तेल घालावं का? कान टोचल्याने काही होतं का?

तेल घालू नका. त्याने ऐकणं सुधारत नाही, आणि कानात राहिलेल्या तेलाने तपासणी चुकते, बुरशी आणि संसर्ग होतो. न्हाऊ घालणाऱ्या बाईंना आधीच सांगून ठेवा. बाहेरची पाळी टोचल्याने श्रवणावर काही परिणाम होत नाही. कमी वजनाच्या बाळाचे मात्र जरा थांबून टोचा, जखम चिघळू शकते.

एकाच कानाने कमी ऐकू येतंय. एक कान चांगला आहे ना, मग?

बोलायला लागेल, बहुधा वेळेवरही. पण आवाज कुठून आला ते कळणं, रस्त्यावर गाडी कोणत्या बाजूने येतेय, गोंगाटाच्या वर्गात बाई काय म्हणतात, यासाठी दोन कान लागतात. चांगल्या कानाची तपासणीही चालू ठेवावी लागते.

दोष नक्की झाला तर पुढे काय? एवढ्याशा जिवाला मशीन लावायचं?

हो, आणि जितक्या लवकर तितकं चांगलं. निदान झाल्यापासून महिन्याभरात श्रवणयंत्र लावता येतं, दोन-तीन महिन्यांच्या बाळालाही. कानामागे बसणारं यंत्र आणि कानाच्या मापाचा मऊ मोल्ड. बाळाचा कान भराभर वाढतो, मोल्ड सैल होतो, शिटीसारखा आवाज यायला लागतो. सुरुवातीला दर काही आठवड्यांनी नवा मोल्ड लागतो, हे आधीच माहीत असलं की “मशीन बिघडलं” म्हणून ते कपाटात जात नाही. बॅटरीचा कप्पा लॉक होणारा घ्या. बटणासारखा सेल गिळला गेला तर ती जिवावरची गोष्ट आहे.

यंत्राने पुरेसा फायदा झाला नाही तर वर्षाच्या सुमाराला कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार होतो. त्याआधी न्यूमोकोकलची लस पूर्ण हवी, कारण इम्प्लांट बसवलेल्या मुलांना मेनिंजायटिसचा धोका थोडा जास्त असतो. ऑडिटरी न्यूरोपथीत मार्ग इतका सरळ नसतो. काही बाळांत ती आपोआप सुधारते, काहींना यंत्र चालतं, काहींना इम्प्लांट.

यंत्र किंवा इम्प्लांट ही सुरुवात आहे, पुढे रोजचं काम घरात. बाळाशी बोलत राहा, तोंड त्याच्याकडे करून, दूध पाजताना, आंघोळ घालताना. भारतीय सांकेतिक भाषेची भीती बाळगू नका. हाताच्या खुणांनी बोलणं मागे पडतं हा समज चुकीचा आहे. बाळाच्या मेंदूला पहिल्या वर्षात भाषा मिळणं महत्त्वाचं, ती कानाने मिळो, डोळ्यांनी मिळो की दोन्हींनी.

लवकर म्हणजे किती लवकर, याचं उत्तर अमेरिकेतल्या कोलोराडोमध्ये क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दिलं. सहा महिन्यांच्या आत ज्यांचा दोष सापडला त्या मुलांची भाषा, नंतर सापडलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. १-३-६ मधला सहा हा आकडा हवेतून आलेला नाही.

सरकारी सोय आहे का? खर्च झेपणार नाही.

आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, आरबीएसके, २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या पालघरहूनच सुरू झाला. जन्मजात बहिरेपणा त्याच्या यादीत आहे. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत, चौकशी करा. तिथे यंत्र नसेल किंवा बंद असेल तर जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या कान-नाक-घसा विभागासाठी चिठ्ठी मागा. ती घेतल्याशिवाय परत जाऊ नका. गावातल्या आशाताई घरी येतात तेव्हा त्यांनाही सांगा.

मुंबईत बांद्रा रिक्लेमेशनला बोलण्या-ऐकण्याच्या दोषांवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासून. दिव्यांगांना साहाय्यक उपकरणं देणाऱ्या केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून पात्र मुलांना मोफत कॉक्लिअर इम्प्लांट मिळतं, त्याचं देशभरातलं काम हीच संस्था बघते. या योजनेत वयाची आणि उत्पन्नाची अट आहे आणि जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलासाठी वयाची खिडकी लहान आहे. उशिरा निदानाचा फटका इथे पैशांतही बसतो.

प्रत्येक रुग्णालयात यंत्र नसतं, हे खरं. केरळमध्ये एर्नाकुलम जिल्ह्यात २००३ पासून यावर एक वाट काढली आहे: एक यंत्र आणि एक प्रशिक्षित व्यक्ती ठरलेल्या दिवशी एकेका रुग्णालयात जाते. आपल्या तालुक्यांत हे करता येण्यासारखं आहे, आणि बालरोगतज्ज्ञांच्या प्रत्येक बैठकीत मी ते सांगत असते.

बाळंतपण माहेरी झालं, आता तीन महिन्यांनी सासरी जायचंय. पुढच्या तपासण्या कुठे?

जिथे राहणार तिथे. जन्म नाशिकला, पुढची तारीख नाशिकची आणि बाळ मात्र नांदेडला, असं झालं की त्या तारखेला कुणीच जात नाही. रुग्णालय म्हणतं पालक आले नाहीत, पालकांना वाटतं बोलावलं नाही. म्हणून निघण्याआधी सहा गोष्टी कागदावर घ्या: कोणती तपासणी झाली, ओएई की एएबीआर की बेरा, प्रत्येक कानाचा निकाल वेगवेगळा, एनआयसीयूत किती दिवस, बिलिरुबिन किती, कोणती इंजेक्शनं किती दिवस, आणि पुढची तपासणी कोणत्या महिन्यात. बेराच्या आलेखाची प्रत मिळत असेल तर तीही घ्या.

हे सगळं माता-बाल संरक्षण कार्डाच्या लसीच्या पानाला स्टेपल करा. डिस्चार्जची फाईल सामानात राहते. लसीचं कार्ड दर खेपेला बरोबर असतं. नवव्या महिन्याच्या रकान्याशेजारी पेनाने ‘कान’ असं लिहून ठेवा, म्हणजे सासरच्या गावची नर्सताई गोवर-रुबेलाची लस देताना तुम्हाला आठवण करू शकेल.